खुरप्याखालची हिंसा

माघ सरून फाल्गुन लागताना बालाघाट जिल्ह्यातील हट्ट्यासारख्या गावांच्या परसबागांत मोगऱ्याची छाटणी, वांग्यांची खुरपणी आणि नवी आळी करण्याची कामे निघतात, आणि त्या प्रत्येकात कोणता ना कोणता जीव जातो. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात लोखंडी मुखाचे लाकूड भूमी व भूमीतील प्राणी यांना मारते म्हणून शेतीला निंद्य म्हटले आहे; अन्न मात्र त्याच शेतीचे खायचे, ही सोय त्यात राहतेच. जैन आचारविचार अधिक प्रामाणिक वाटतो, कारण त्याने जाणूनबुजून मारण्याच्या इराद्याने केलेली 'संकल्पी' आणि घरकामात अटळपणे घडणारी 'आरंभी' असा हिंसेचा भेद करून गृहस्थाला पहिलीच पूर्णपणे वर्ज्य ठरविली. परंतु खुरपणीत गवत चुकून उपटले जात नाही, ते निवडून उपटले जाते, तेव्हा तिला आरंभी म्हणणे कितपत खरे? सोलापूर जिल्ह्यातील अरणचे संत सावता माळी (निधन १२९५) यांनी मळ्यातील कामालाच विठ्ठलाची पूजा मानले. त्यामुळे माळ्याचे श्रम पवित्र झाले, उपटलेल्या गवताचा प्रश्न मात्र भक्तीने सुटला नाही, केवळ ईश्वराच्या हवाली झाला.