मुक्तद्वार

ग्रंथालय ही चैनीची गोष्ट की जीवनावश्यक, असा प्रश्न एरवी कुणी कुणाला विचारीत नाही. वक्तृत्वस्पर्धेला तो विषय दिला तर सारे स्पर्धक एकाच बाजूने बोलतील. २०२० साली मात्र या प्रश्नाचे उत्तर आपल्याला तारखा लावून द्यावे लागले. मार्चच्या अखेरीस टाळेबंदी आली आणि वाचनालयांना कुलपे लागली. मे महिन्यात मद्याची दुकाने उघडली व त्यांच्यापुढे रांगा लागल्या. महाराष्ट्रातील वाचनालयांना परवानगी मिळाली ती १५ ऑक्टोबरला. मंदिरे, मशिदी आणि आमची ख्रिस्तमंदिरे यांची दारे तर त्यानंतर महिन्याने, १६ नोव्हेंबरला, पाडव्याच्या दिवशी उघडली. या क्रमावर तेव्हा पुष्कळांनी रोष व्यक्त केला. आम्हांस तो क्रम सर्वस्वी अन्यायाचा वाटत नाही. शासनाला महसुलाची निकड होती आणि गर्दीचे भयही खरे होते. त्या दिवसांत मोजक्या माणसांच्या उपस्थितीत ज्यांनी आपली माणसे मातीआड केली, ते त्या भयाला हसणार नाहीत. आमचा प्रश्न पुढचा आहे : दार उघडले, पण ते कुणासाठी?

सांगलीकरांना या प्रश्नाची धार अधिक जाणवावी. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णामाई शहरात शिरली, आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेले, आणि एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेल्या सांगली जिल्हा नगर वाचनालयातील हजारो ग्रंथांचा चिखल झाला. त्या वेळी ग्रंथ गेले, पण त्यांच्यासाठी माणसे हळहळली. नंतर अवघ्या सात-आठ महिन्यांत साथ आली. तिने नेमके उलटे केले. ग्रंथ कपाटांत सुरक्षित राहिले आणि माणसे गेली. भिजलेल्या पुस्तकाचे छायाचित्र वृत्तपत्रात येते, न आलेल्या वाचकाचे येत नाही. म्हणूनच कदाचित पहिल्या हानीची भरपाई मागणे आपल्याला सुचते आणि दुसरीची मोजदादही आपण करीत नाही.

मोजदादीचा विषय निघालाच आहे, तर अनुदानाचेही पाहू. महाराष्ट्रातील बहुतेक सार्वजनिक ग्रंथालये स्थानिक लोकांच्या संस्था चालवितात आणि १९६७ च्या कायद्यान्वये शासन त्यांना मान्यता व अनुदान देते. अ, ब, क, ड असे त्यांचे वर्ग आहेत. ग्रंथ किती, सभासद किती, वृत्तपत्रे व नियतकालिके किती, यांवर वर्ग ठरतो. ४ मे २०२० रोजी राज्य शासनाने योजनांच्या खर्चाला ३३ टक्क्यांची मर्यादा घातली, तेव्हा आधीच रोडावलेल्या या संस्थांची अवस्था काय झाली असेल हे सांगावयास नको. नोव्हेंबर २०२२ मध्ये अनुदान ६० टक्क्यांनी वाढविण्याचा निर्णय झाला. त्यानुसार ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयाचे वर्षाचे ३० हजारांचे ४८ हजार झाले. वाढ आकड्यात मोठी दिसते. पण यातील निम्मी रक्कम वेतनासाठी धरली, तर खेड्यातील ग्रंथपालाच्या हाती महिन्याला दोन हजार रुपये पडतात. श्रमिकाला कुटुंब पोसता येईल एवढे वेतन मिळणे हा न्याय आहे, दया नव्हे, हे पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली कारखान्यांतील मजुरांविषयी लिहिताना बजावले. आपल्या गावचे वाचनालय संध्याकाळी दोन तासच का उघडते, अशी तक्रार करणाऱ्याने एकदा हा हिशेब करावा. आम्हांस तर ते दोन तास उघडते याचेच आश्चर्य वाटते.

आता नियमांविषयी. पुनश्च दार उघडले तेव्हा परत आलेले पुस्तक दोन-तीन दिवस बाजूला ठेवण्याची पद्धत अनेक ठिकाणी होती. खुर्च्यांमध्ये अंतर आले आणि पासष्टीपुढील मंडळींना घरीच थांबण्यास सांगण्यात आले. पुढे कळले की हा विषाणू मुख्यतः हवेतून पसरतो. पुस्तक अलग ठेवण्यापेक्षा खिडकी उघडणे अधिक उपयोगाचे होते. यात नियम करणाऱ्यांना दोष नाही. तेव्हाच्या ज्ञानावर तेव्हाचा नियम केला गेला. दोषाला सुरुवात होते ती नियमाचे कारण संपल्यावर. काही ठिकाणी वृत्तपत्रांचे टेबल हलविले गेले ते परत आलेच नाही. देवघेव विभाग सुरू झाला, पण मुक्तद्वार वाचनकक्ष अंधारातच राहिला. वीज वाचते, झाडलोट वाचते, कुणाशी वाद होत नाही. शब्बाथाच्या नियमावरून प्रभू येशूने परूश्यांना जे सुनावले, ते अशा सोयीच्या पावित्र्याविषयीच होते असे आम्ही समजतो.

या बंद कक्षाचा भार पडतो तो दोघांवर. एक, वृत्तपत्र विकत न घेणारा निवृत्त गृहस्थ. त्याला बातमीइतकीच चार ओळखीच्या चेहऱ्यांची गरज असते. दुसरा, दोन खोल्यांच्या घरातून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा तरुण किंवा तरुणी. राज्यसेवेची पूर्वपरीक्षा वारंवार पुढे ढकलली जाऊन अखेर २१ मार्च २०२१ रोजी झाली, त्या काळात ज्यांच्याजवळ खाजगी अभ्यासिकेचे मासिक शुल्क नव्हते त्यांनी कुठे बसावे? एकच खुर्ची उरली तर ती वृद्धाला द्यावी की विद्यार्थ्याला? आमच्या मते विद्यार्थ्याला. वृद्धाचे पुस्तक कुणाच्या तरी हाती घरी पोहोचविता येते. अर्थात त्याला हवे असलेले चार चेहरे पिशवीतून पोहोचत नाहीत, हे आम्ही जाणतो. हा निवाडा निर्वेध नाही.

सातारा जिल्ह्यात याच्या विरुद्ध टोकाचा एक प्रयोग चालतो. ४ मे २०१७ रोजी महाबळेश्वर-पाचगणीजवळच्या भिलारला पुस्तकांचे गाव उभे राहिले. तेथे ग्रंथ गावकऱ्यांच्या घरांत आहेत. अनामत न भरता कुणीही आत जाऊन वाचत बसतो. पुढे सांगली जिल्ह्यातील अंकलखोपचीही अशाच गावासाठी निवड झाली. प्रत्येक नगरवाचनालयाला हे जमणार नाही. त्यांच्याजवळ जीर्ण, दुर्मीळ ग्रंथ असतात आणि ते जपावेच लागतात. पण अनोळखी माणसाला घरात घेऊन त्याच्या हाती पुस्तक देता येते, एवढे भिलारने दाखविले आहे.

आपल्यापैकी जी कुटुंबे आपल्या गावच्या वाचनालयाची सभासद असतील, त्यांना वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना येते. बहुधा ती वाचली जात नाही. यंदा एकाने तरी जावे, हिशेबपत्रक मागून ग्रंथपालाचे वेतन पाहावे, आणि वृत्तपत्रांचे टेबल कुठे ठेवले आहे ते विचारावे.