हरीण सर्वांचं, गवत एकाचं

अमेरिकेच्या पश्चिमेकडे जमीन कुणाचीही असो, तिच्यावर चरणारं हरीण किंवा एल्क जमीनमालकाचं नसतं. रानातलं जनावर जनतेचं आणि सरकार त्याचं विश्वस्त, अशी तिथली जुनी धारणा. 1896 साली सर्वोच्च न्यायालयानेही ती एका निकालात मांडली. इंग्लंडमध्ये 1671च्या कायद्याने शिकारीचा हक्क बड्या जमीनदारांपुरताच ठेवला होता. अमेरिकेने तो वारसा नाकारला खरा, पण अर्धाच. जनावर सर्वांना दिलं, फाटक मात्र मालकाच्याच हाती ठेवलं.

मालकाची बाजू हलकी नाही. एल्क हा सांबराहून मोठा प्राणी, थोराड नर तीनशे किलोंच्या पुढे जातो. डोंगरावर बर्फ साचलं की कळप खाली उतरतो, गुरांसाठी रचलेल्या गंजींवर तुटून पडतो, तारेची कुंपणं मोडतो. जनावर जनतेचं आणि चारा एकाचा, हा हिशेब रानडुकरांनी पीक लोळवलेल्या आपल्या शेतकऱ्याला वेगळा समजावून सांगायला नको. मग काही मालक फाटक बंद करतात, काही शिकारीच्या व्यावसायिकांना जमीन भाड्याने देतात आणि पैसेवाला आत जातो. गंमत अशी की एल्कलाही हद्द कळते. हंगामाच्या पहिल्या बंदुका वाजल्या की कळप सरकारी रानातून उठून बंद फाटकाआड जाऊन बसतात. कागदोपत्री ते सर्वांचेच राहतात.

मोंटाना राज्याने 1985 साली यावर एक साधी वाट काढली. मालकाने जमीन शिकाऱ्यांना खुली करायची, शिकाऱ्याकडून काही घ्यायचं नाही. किती शिकारी किती दिवस आले ते मोजून सरकार मोबदला देणार, आणि तोही मुख्यतः शिकारीच्या परवान्यांच्या पैशातून. अशी सुमारे 70 लाख एकर जमीन आज खुली आहे. काही ठिकाणी मालकाची परवानगी आधी घ्यावी लागते. इतरत्र रस्त्याकडेला खांबावर एक पेटी असते, तीत छापील चिठ्ठ्या. नाव आणि परवान्याचा क्रमांक लिहायचा, एक भाग फाडून पेटीत टाकायचा, दुसरा जवळ ठेवायचा. मला ही पेटी कायद्याच्या पुष्कळ ग्रंथांपेक्षा शहाणी वाटते. मालकी कुणाची हा वाद ती उकरत नाही. कोण आलं, एवढंच विचारते.

वायोमिंगमध्ये वाद उकरला गेला. एकोणिसाव्या शतकात रेल्वे कंपन्यांना एकाआड एक चौरस मैल जमीन मिळाली, मधले चौरस सरकारकडे राहिले आणि नकाशा बुद्धिबळाच्या पटासारखा झाला. सरकारी चौरस एकमेकांना फक्त कोपऱ्यात टेकतात. एल्क माउंटनवर 2021 साली चार शिकाऱ्यांनी अशा कोपऱ्यावर शिडी ठेवली आणि खासगी मातीला पाय न लावता ते पलीकडे उतरले. मालकाचं म्हणणं असं की जमिनीवरची हवाही माझीच, तिच्यातून जाणं हीदेखील घुसखोरी. जमीन ज्याची त्याचं वरचं आकाशही, हे मध्ययुगीन सूत्र. विमानांच्या काळात ते चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 1946 मध्येच म्हटलं होतं. तो खटला विमानांच्या आवाजाने कोंबड्या दगावलेल्या एका शेतकऱ्याचा होता.

घुसखोरीच्या फौजदारी खटल्यात ज्यूरीने चौघांना निर्दोष सोडलं. मालकाने दिवाणी दावाही लावला होता. मार्च 2025 मध्ये अपील न्यायालयाने शिकाऱ्यांच्या बाजूने कौल दिला, तो 1885च्या कायद्याच्या आधारे: सरकारी जमिनीची वाट कुणी अडवायची नाही. माझ्या मते निकाल योग्य आहे, पण प्रश्न सुटला तो कोपऱ्यापुरताच. खासगी कुरणात शिरलेल्या कळपामागे जायला निकालाने कुणालाही मुभा दिलेली नाही. शिवाय हा निकाल सहा राज्यांना लागू आहे आणि मोंटाना त्यांत नाही.