‘म्हणे’ गिळलेली बातमी

नगरकरांना तोफेचा आवाज नवा नाही. के. के. रेंजवर लष्कराचा सराव सुरू झाला की आसपासच्या गावांत फळीवरची भांडी किणकिणतात. पारावरचा म्हातारा मानही न वळवता सांगतो, “सराव चाललाय म्हणे.” त्यातला शेवटचा शब्द मोठा प्रामाणिक आहे. मी पाहिलेलं नाही, कानावर आलंय, खरंखोटं तुम्ही बघा, हे सगळं तो शब्द सांगून जातो.

युद्धाच्या बातम्यांत पहिला बळी या ‘म्हणे’चा जातो. भारत-पाकिस्तान संघर्षात ८ मे २०२५ च्या रात्री आपल्या नौदलानं कराची बंदर उद्ध्वस्त केल्याचं अनेक वाहिन्यांनी ठणकावून सांगितलं. मागे हवाई हल्ल्याच्या इशाऱ्याचे भोंगे वाजत होते. सकाळी बंदर जागच्या जागी होतं. ११ मे रोजी नौदलाच्या अधिकाऱ्यांनी सांगितलं ते एवढंच, की कराचीसह ठरलेल्या लक्ष्यांवर मारा करायच्या तयारीत नौदल होतं. वाहिन्यांनी ‘तयारीत होतं’चं ‘केलं’ करून टाकलं होतं. भोंग्यांचंही तेच. खऱ्या भोंग्याला लोक जुमानेनासे होतील, म्हणून कार्यक्रमांत ते वाजवू नका, असं सरकारला बजावावं लागलं.

कंडी नेहमी बंदराचीच पिकते असं नाही. त्याच संघर्षात पूंछमध्ये पाकिस्तानी तोफमाऱ्यात मदरशातले एक शिक्षक गेले. काही वाहिन्यांनी त्यांना अतिरेकी ठरवलं. पोलिसांनी खुलासा केला, पण तोवर घरच्यांनी मरणासोबत तो शब्दही सोसला होता.

खोटं न बोलताही फसवता येतं. ९ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत पकडलेल्या नेहरू, पटेल, आझाद आदी नेत्यांना नगरच्या किल्ल्यात आणलं. कुठे ठेवलंय हे ब्रिटिश सरकारनं जाहीर केलं नाही. पुढे १९४३ मध्ये सरकारी पुस्तिका निघाली, तिच्या नावात ‘छोडो भारत’ आंदोलनाची झाली होती नुसती ‘गडबड’. गडबडीला मागणी नसते, कारणही नसतं. असं लपवायला आपल्या मराठीत ‘करण्यात आला’ तयारच आहे. “गोळीबार करण्यात आला, तिघे ठार झाले.” वाक्य बिनचूक आहे. फक्त गोळी झाडणारा त्यात नाही.

शत्रूची आवई आपण लगेच ओळखतो. आपल्या बाजूची मात्र गोड लागते. त्या रात्री कराचीची बातमी मीही चौघांना पुढे ढकलली. एरवी माझ्या तोंडी दिवसातून पन्नासदा ‘म्हणे’ येतं. त्या संदेशात मी ते लिहिलं नाही. लिहिलं असतं, तर बातमीतली सगळी मजाच गेली असती.