कुंडीतला शिकारी आणि त्याचा धनी

घरात कुंड्या ठेवणाऱ्यांना पिठ्या ढेकूण म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. जास्वंदीच्या किंवा क्रोटनच्या बेचक्यात कापसासारखा बारीक पुंजका दिसू लागतो, पाने चिकट होतात, मुंग्यांची रांग लागते, आणि पाहता पाहता झाड मान टाकते. औषध फवारावे तर त्याच खोलीत लहान मूल निजलेले असते. अशा वेळी एक दुसरा मार्ग सुचविला जातो : किडीला खाणारा जीव आणून सोडावा. शेतकी पुस्तकांत अशा जिवांना मित्रकीटक म्हणतात. विष नको, वास नको, निसर्गाचे काम निसर्ग करील, हे ऐकून मनाला बरे वाटते. उपाय आम्हांसही पसंत आहे. मात्र ते बरे वाटणे जरा तपासून पाहावे, असे आम्हांला वाटते.

उपाय नवा नाही. १९२६ साली इंग्लंडातील हर्टफर्डशायर परगण्यात एका टोमॅटो बागायतदाराला काचघरातील पांढऱ्या माशीची काही पिल्ले काळी पडलेली दिसली. चेशंट येथील संशोधन केंद्रात स्पेयर या शास्त्रज्ञांनी ती तपासली, तेव्हा त्यांच्या आत एनकार्सिया नावाची, मिलिमीटरभरही लांबी नसलेली गांधीलमाशीच्या कुळातील माशी वाढत होती. ती पांढऱ्या माशीच्या पिल्लात अंडे घालते आणि तिची अळी त्या पिल्लाला आतून खाते. ही माशी वाढवून बागायतदारांना पुरविली जाऊ लागली. पुढे डी.डी.टी.सारखी औषधे आली आणि ती मागे पडली. पण लाल कोळी औषधांना दाद देईना. १९५८ साली चिली देशातून जर्मनीत गेलेल्या ऑर्किडच्या रोपांबरोबर एक नारिंगी रंगाचा शिकारी कोळी नकळत पोहोचला. हा फायटोसियुलस लाल कोळ्यांवरच जगतो. हॉलंडमधील काकडीचे बागायतदार यान कोपर्ट यांना औषधांचा त्रास होत असे. त्यांनी १९६७ च्या सुमारास या कोळ्याला कामाला लावले आणि त्याचाच व्यवसाय उभा राहिला. आपल्या देशात तर क्रिप्टोलिमस हा ऑस्ट्रेलियातील भुंगेरा १८९८ सालीच आणला गेला होता, कॉफीवरील खवले किडीसाठी. आज द्राक्षबागांत पिठ्या ढेकणासाठी तो सोडतात.

आता प्रश्नाकडे येऊ. एक जीव दुसऱ्याला आतून खातो, हे पाहून डार्विनसारख्या माणसाचेही मन अस्वस्थ झाले होते. १८६० साली एका मित्राला लिहिलेल्या पत्रात त्याने ते बोलून दाखविले. दयाळू देवाच्या सृष्टीत असे का, हा वाद मोठा आहे आणि तो आम्ही येथे काढीत नाही. रानात जे चालते त्याचा जाब आपल्याला कोणी विचारीत नाही. पण डबी विकत घेऊन, झाकण उघडून आपण कुंडीत शिकारी सोडतो, तेव्हा घडणारे मरण कोणाच्या खात्यावर?

“निसर्गाने केले” असे म्हणणे सोयीचे आहे. उरीया अम्मोनी लोकांच्या तलवारीने पडला, तरी नाथान संदेष्टा अम्मोन्यांकडे गेला नाही, तो दाविदाकडे आला. कोणी घाबरून जाऊ नये. पिठ्या ढेकूण म्हणजे उरीया नव्हे, आणि झाड वाचविण्यासाठी कीड मारणे आम्ही पाप मानीत नाही. (बेळगाव-इंदूरकडे आपले शेजारी जैन असतात. त्यांना हा प्रश्न आमच्याइतका हलका वाटणार नाही, आणि त्यांचे ऐकून घेण्यात आपले काही जात नाही.) भुंगेरा भुकेपोटी खातो, मारावयाचे ठरविले ते आपण, एवढेच आमचे म्हणणे.

हे एकदा मान्य केले की काही गोष्टी आपोआप विचाराव्या लागतात. ओल्या फडक्याने पाने पुसून आणि साबणाच्या पाण्याने भागत असेल, तर शिकारी आणावाच कशाला? फायटोसियुलसची अंडी कोरड्या हवेत सुकून जातात. एअरकंडिशनरच्या खोलीत त्याला सोडणे म्हणजे चाकराला उपाशी ठेवून काम सांगणे. आणि भोवतालच्या जिवांचे काय? पूर्व आशियातील हार्मोनिया नावाचा ठिपकेदार भुंगेरा माव्यासाठी युरोपात व अमेरिकेत मुद्दाम सोडला गेला. २००४ साली तो इंग्लंडात आढळला. तेथे त्याला कोणी सोडले नव्हते. तेथील दोन ठिपक्यांचा देशी भुंगेरा त्यानंतर पुष्कळ कमी झाला, आणि हिवाळ्यात हा पाहुणा लोकांच्या घरांत थव्याने शिरतो. सोडणाऱ्यांचा हेतू वाईट होता असे कोणी म्हणणार नाही. पण मावा संपला की भुंगेरा कोठे जाईल, याचा विचार खिडकीपर्यंतच थांबला होता.

आम्हांला सर्वांत अवघड वाटते ती गोष्ट निराळीच आहे. फायटोसियुलसची मादी दिवसाला पाचएक मोठे लाल कोळी किंवा वीसएक अंडी खाते. सगळे लाल कोळी संपले की तिच्या वंशालाही दुसरे अन्न नाही. म्हणून काचघरवाले जाणते बागायतदार झाडावर थोडी कीड राहू देतात. उरलेसुरले मारण्यासाठी घाईने औषध फवारले तर आधी मरतो तो बहुधा मदतनीसच. ज्याला कुंडी अगदी निष्कलंक हवी, त्याच्यासाठी हा मार्ग नाही. आम्हां मंडळीतल्या माणसांना हे सहज पचत नाही. आपल्याला वाईट ते मुळासकट उपटावयाचे असते. गहू आणि निदण यांचा दाखला आपण वर्षानुवर्षे शिकवतो, पण घरातल्या कुंडीवर चार ढेकूण ठेवावयाचे म्हटले की हात शिवशिवतात.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना एक सुचवितो. क्रिप्टोलिमसची अळी अंगावर पांढऱ्या मेणाचे झुपके वाहते आणि थेट पिठ्या ढेकणासारखी दिसते. पुष्कळ लोक तिलाच कीड समजून बोटाने चिरडतात. ढेकूण जागेवर बसून रस शोषतो, अळी त्याच्याहून मोठी असते आणि चटचट चालते. असा भुंगेरा कोठे पाळला असेल, तर मुलांच्या हाती भिंग द्यावे आणि कोणते कोण ते त्यांनाच ओळखू द्यावे. पहिल्या दिवशी बहुतेकांचे चुकेल. बोट लावण्याआधी दोन मिनिटे नुसते पाहावे, एवढाच नियम ठेवावा.