मनातलं गुपित: झाकावं की सांगावं?

॥ श्री सद्गुरवे नमः ॥



पाणीगेटहून आपण मुलाबाळांना घेऊन कमाटीबागेत जातो. १९१७ मध्ये याच बागेत बाबासाहेब आंबेडकर काही तास एकटे बसून होते. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर परदेशात शिकून ते बडोदा संस्थानच्या नोकरीसाठी आले, पण अस्पृश्यतेमुळे राहायला जागा मिळेना. शेवटी पारशी नाव लावून ते एका पारशी धर्मशाळेत उतरले. अकराव्या दिवशी गुपित फुटलं. काठ्या घेतलेली माणसं दारात आली. दोन मित्रांकडे आसरा मागितला, दोघांनीही अडचण सांगितली. पुढे ही हकिकत त्यांनी स्वतःच लिहून ठेवली.

आता सांगा, यात झाकणाऱ्याचा दोष किती? खरं बोललं तर छप्पर जाणार, अशी वेळ ज्यांनी आणली त्यांचाच दोष मोठा.

आपल्या घरात काय होतं? नापास झालेला मुलगा, कर्जात बुडालेला भाऊ, सासरी त्रास सोसणारी लेक गप्प राहते. मग आपण म्हणतो, "आम्हाला सांगितलं का नाही?" अहो, सांगितल्यावर आपण काय बोलणार, ते त्यांना आधीच ठाऊक असतं!

झाकलेली गोष्ट मनात स्वस्थ पडून राहत नाही. कोलंबिया विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ मायकेल स्लेपियन यांनी २०१७ मध्ये दाखवलं, की गुपित लोकांपासून लपवण्याचे प्रसंग त्यामानाने कमी येतात. एकटं असताना मन पुन्हा पुन्हा तिथेच जातं आणि खरा त्रास त्याचाच होतो. हातात माळ फिरतेय आणि मन भलतीकडेच, हा अनुभव कुणाला नाही?

मग सगळंच ग्रुपवर टाकायचं का? मुळीच नाही. विश्वासाचं एक माणस पुरतं. आणि दुसऱ्याचं गुपित म्हणजे आपल्याकडे ठेवलेली ठेव, ती वाटायची नसते. मात्र एखाद्या लेकराला, बाईमाणसाला कुणी इजा करत असेल, तर तिथे गप्प बसणं हेच पाप. तिथे मदत आणायलाच हवी.

या आठवड्याची साधना: घरातलं कुणी मन मोकळं करू लागलं, तर मध्ये बोलायचं नाही, रागवायचं नाही, आणि पुढे चारचौघांत सांगायचं नाही. उपदेश नंतर, आधी पाण्याचा पेला पुढे करा. ही पण सेवाच आहे.

जय गुरुदेव 🙏