सोडलेलं चिन्ह

कोल्हापुरातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत तन्मय नव्यानं लागला. काम मिळालं जुन्या प्रोजेक्टवर: दूध संस्थांची दर दहा दिवसांची बिलं. रीडमीत लिहिल्याप्रमाणे करून काही सुरू होईना, तेव्हा जिथं अडलं ती पायरी तो तिथंच दुरुस्त करत गेला. त्याचं काम तपासणाऱ्या अनघाताईंना ते आवडलं. मग त्याची नजर सभासदांची नावं साफ करणाऱ्या फंक्शनवर गेली.

एक्सेलमधून नावं चिकटवताना न दिसणारी चिन्हं सोबत येतात. फंक्शन ती काढून टाकायचं. एक मात्र सोडायचं, झिरो विड्थ जॉइनर. त्याच्यासाठी वेगळी अट होती.

“ताई, ही अट उडवतो. फालतू आहे. काढून बघितली, सगळ्या टेस्ट पास झाल्या.”

“कुणी टाकलीय?”

“काय माहीत.”

“मग आधी ते बघ की.”

गिट ब्लेमनं कमिट दाखवली. संदेश काय, तर ‘बिल दुरुस्त’. (असे संदेश लिहिणाऱ्यांना चार बिलं हातानं लिहायला लावावीत.) लिहिणारा केव्हाच कंपनी सोडून गेलेला. तन्मयनं मग ते चिन्ह असलेली नावं डेटाबेसमध्ये शोधली. वऱ्हाडे, गोऱ्हे, कुऱ्हाडे, पुन्हा वऱ्हाडे. अट काढून त्यानं एक बिल छापलं. कागदावर आलं ‘वर्हाडे’.

युनिकोडमध्ये ‘वऱ्हाडे’तला अर्धा र दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एकीत ऱ हे वेगळं अक्षर आणि हलन्त. दुसरीत साधा र, हलन्त आणि जॉइनर. संस्थांच्या जुन्या नोंदी दुसऱ्या तऱ्हेच्या. टेस्टमधलं वऱ्हाडे मात्र पहिल्या तऱ्हेनं टाइप केलेलं. स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब, त्यामुळे टेस्ट खुशाल पास.

तन्मयनं अट जागेवर ठेवली, वर दोन ओळींची टीप लिहिली आणि जुन्या तऱ्हेच्या नावाची एक टेस्ट जोडली. अट काढली की ती फेल होते, हेही बघून घेतलं.

ताईंनी बदल वाचून मंजूर केला. “आणि पशुखाद्याच्या कपातीत रक्कम दोनदा राउंड करणारी ती ओळ? तीही काढणार होतास ना?”

“ती उद्या सांगतो,” तन्मय खुर्ची पुढं ओढत म्हणाला. “कुठल्या संस्थेच्या बिलाला ती लागते, तेवढं शोधतो आधी.”