साखरेची तुळस

प्रश्न लहान आहे. इतका लहान की तो दिवाळी अंकाच्या पानांवर मांडावा की नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. ज्या वस्तूला आपण पवित्र मानतो, तिची खाण्याजोगी प्रतिकृती केली, तर ती सुरीने कापावी का? मोठमोठ्या तत्त्वांची चर्चा करणाऱ्यांना हा प्रश्न पोरकट वाटेल. पण घरातले नैतिक प्रश्न याच मापाचे असतात. सत्य आणि अहिंसा यांच्याशी आपली गाठ क्वचित पडते. सासू, सून, मूल आणि ताटात वाढलेला पदार्थ यांच्याशी ती रोज पडते. शिवाय लहान प्रश्नाला एक सोय असते. त्यावर मत देताना कुणाला भाषण करावेसे वाटत नाही, म्हणून माणसे खरे बोलतात.

मी माहेरची पेडण्याची आणि सासरची डिचोलीची. आमच्या माहेरी वाढदिवस तिथीने व्हायचा. सकाळी तेल लावून न्हाणे, पाटावर बसवून औक्षण, देवळात नारळ आणि दुपारच्या पानात खीर, एवढ्यात तो उरकायचा. केक हा पदार्थ आमच्या ओळखीचा झाला तो नाताळात. शेजारच्या ख्रिस्ती घरातून बोलिन्हा, दोदोल आणि रवा-खोबऱ्याची बाथ यांचे ताट यायचे. चवथीला आमच्याकडून तिकडे नेवऱ्या जायच्या. पाव रोज सकाळी पोदेर दारात आणून द्यायचा. म्हणजे भट्टीचा वास आम्हांला परका नव्हता, फक्त ती भट्टी आमच्या घरात नव्हती. पुढे घरोघर विजेची गोल ॲल्युमिनियमची भट्टी आली आणि मग आमच्याही बायका केक करू लागल्या. कुणी कुकरची शिटी काढून तळाला वाळू घालून केला, कुणी पातेल्याच्या झाकणावर निखारे ठेवून. वाढदिवसाच्या दिवशी दिवा ओवाळावा की मेणबत्ती विझवावी, हा वाद त्याच सुमारास सुरू झाला असावा. आमच्या घरात तो असा मिटला, की समई लावायची, मुलीला ओवाळायचे आणि केकवर मेणबत्ती ठेवायचीच नाही.

बागेचा केक करायला मला मनापासून आवडते. आमच्याकडे सासूबाई अंडे खात नाहीत, म्हणून मैदा, लोणी, कंडेन्स्ड मिल्क, दही आणि सोडा यांवर भागते. दह्यातले आम्ल आणि सोडा एकत्र आले की वायूचे बुडबुडे सुटतात आणि अंड्यावाचून केक फुगतो. या युक्तीच्या पूर्वजाची हकिगत मला फार आवडते. इंग्लंडमधील आल्फ्रेड बर्ड या औषधविक्रेत्याच्या बायकोला अंडे आणि यीस्ट दोन्ही सोसत नसत. तिच्यासाठी त्याने १८३७ मध्ये बिनअंड्याचे कस्टर्ड आणि १८४३ मध्ये बेकिंग पावडर तयार केली. घरातल्या एका माणसाला एक गोष्ट चालत नाही, एवढ्या कारणावरून जगाच्या स्वयंपाकघरात केवढी सोय झाली!

बाग मांडायची ती अशी. भाजून निवलेल्या केकवर बिस्किटांचा चुरा पसरला की माती होते. किसलेल्या सुक्या खोबऱ्याला हिरवा रंग चोळला की गवत. पाकळ्या लोण्याच्या केल्या तर आमच्या हवेत टिकत नाहीत, कारण लोणी ३२ ते ३५ अंशांच्या आसपास वितळते आणि आमच्या वैशाखात दुपारचा पारा तेवढा चढतो. म्हणून दळलेल्या साखरेच्या घट्ट पिठाची फुले दोन दिवस आधी वळून सुकवून ठेवायची. तीही पावसाळ्यात ओल धरून मान टाकतात. खरी फुले मी केकवर ठेवत नाही. कण्हेर विषारी, कळलावी विषारी. तीच कळलावी चवथीच्या माटोळीत गणपतीच्या डोक्यावर किती शोभते! डिचोलीच्या बाजारात चवथीच्या आधी माटोळीचे सामान येते, सुपारीची शिपटी, नारळ, तोरिंग, आंबाडे, रानातली नाना फळे. तीही एक टांगलेली बागच. फरक इतकाच, की माटोळी पाहण्यासाठी बांधतात आणि केक खाण्यासाठी करतात. आमचा प्रश्न याच फरकातून निघाला.

माझ्या मुलीचा वाढदिवस तुळशीच्या लग्नाच्या आगेमागे येतो. आमच्याकडे त्या दिवसाला व्हडली दिवाळी म्हणतात. वृंदावन रंगवलेले असते, त्यात दिंड्याचा दांडा, आवळ्याची आणि चिंचेची फांदी रोवलेली असते. नववा वाढदिवस होता. तिने हट्ट धरला, की केकवर परदेशी बाग नको, आपलेच अंगण हवे. अबोली हवी, झेंडू हवा, जास्वंद हवी, चाफा हवा आणि मधोमध तुळशीवृंदावन हवे. मला ही कल्पना इतकी आवडली, की मी लगेच साखरेचे पीठ मळायला घेतले. सासूबाई पलीकडे वाती वळत बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करता विचारले, "तुळशीक सुरी कोण लायता गो?"

माझे दीर त्या दिवशी घरी होते. ते शिक्षक, प्रत्येक गोष्टीचा कार्यकारणभाव पाहणारे. ते म्हणाले, "आई, ती साखर आहे. सुरी साखरेला लागते, तुळशीला नाही." वरवर पाहता या उत्तरात खोट काढता येत नाही. आपल्याकडे साखरेला आकार देऊन ती खाण्याची चाल जुनी आहे. संक्रांतीला हलव्याचे दागिने लेववतो आणि मागाहून तेच दागिने मुले कुरतडतात. पाडव्याला साखरेची गाठी गुढीला घालतो आणि संध्याकाळी फोडून वाटतो. आणि तुळस काय आपण खात नाही? तीर्थात तिचे पान असते, नैवेद्यावर ते ठेवतो, शेवटच्या घडीला तेच पान तोंडात घालतो. मग साखरेच्या तुळशीला एवढे सोवळे कशाला?

पण दुसरी बाजूही तितकीच जुनी आहे. उंबऱ्यापाशी काढलेले रांगोळीचे कमळ हे पांढऱ्या पुडीशिवाय काही नाही, हे सर्वांना ठाऊक असते. तरी आपण त्यावर पाय ठेवत नाही. गणपतीची मूर्ती मातीची, ती पाण्यात विरघळते. पण तिला विरघळू देणे वेगळे आणि फोडणे वेगळे. तुळशीचे पानसुद्धा अनेक घरांत द्वादशीला तोडत नाहीत, तिन्हीसांजेनंतर तिला हात लावत नाहीत. सासूबाईंनी दिरांना दिलेले उत्तर यामुळेच मला विचार करायला लावणारे वाटले. त्या म्हणाल्या, "खावया, पूण सुरी नाका." त्यांची हरकत खाण्याला नव्हती, कापण्याच्या रीतीला होती.

असाच एक खटला आपल्या देशाच्या न्यायालयात चालला आहे. २०१३ च्या नाताळात कोइमतूरला एका समारंभात भारताच्या नकाशाचा, तिरंगी रंगांचा, मधोमध अशोकचक्र असलेला सहा फूट बाय पाच फुटांचा केक कापण्यात आला. राष्ट्रीय मानचिन्हांच्या अवमानाविरुद्धच्या १९७१ च्या कायद्याखाली तक्रार झाली. मार्च २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एन. आनंद वेंकटेश यांनी ते प्रकरण रद्द केले. समारंभाला जमलेल्या माणसांच्या मनात देशाविषयी अनादर होता का, हे पाहावे; तो नव्हता, तेव्हा अवमानही नव्हता, असा त्या निकालाचा रोख होता. मला हा निकाल योग्य वाटतो. हेतू न पाहता नुसत्या कृतीवरून माणसांना गुन्हेगार ठरवू लागलो, तर उद्या तिरंगी मिठाई खाणाऱ्यालाही तुरुंगात टाकावे लागेल.

तरीही न्यायालयाचे उत्तर स्वयंपाकघरात जसेच्या तसे लागू पडत नाही. न्यायालय कापणाऱ्याच्या मनात काय होते ते विचारते. घरात पाहणाऱ्याच्या मनात काय झाले, तेही विचारावे लागते. माझा हेतू शुद्ध होता, एवढ्याने सासूबाईंच्या पोटात जे तुटले असते ते जोडले गेले नसते.

आणि ते का तुटले असते, याला आमच्या भूमीत एक इतिहास आहे. गोव्याच्या इन्क्विझिशनने १४ एप्रिल १७३६ रोजी जे फर्मान काढले, त्यात ख्रिस्ती झालेल्या लोकांनी जुने कोणते आचार पाळू नयेत याची लांबलचक यादी होती. अंगणात तुळस लावू नये, हेही त्या यादीत होते. अ. का. प्रियोळकरांनी इन्क्विझिशनवर १९६१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात हा सारा इतिहास मांडला आहे. डिचोली, सत्तरी आणि पेडणे हे महाल पोर्तुगिजांकडे गेले ते १७८१ ते १७८८ या काळात, म्हणून त्यांना नव्या काबिजादी म्हणतात. तोवर सक्तीच्या धर्मांतराचा जोर ओसरला होता आणि या भागातल्या लोकांचे धर्माचार राखण्याचे धोरण होते. आमची वृंदावने उभी राहिली. जुन्या काबिजादीतून माणसे देव घेऊन परागंदा झाली, त्यांच्या आठवणी मात्र आमच्या बाजूच्या घराघरांत उतरल्या. सासूबाईंना १७३६ हे साल ठाऊक नाही. पण अंगणातली तुळस ही कुणी कधी उपटायला लावली होती, ही जाणीव सालावाचूनही पिढ्यांतून झिरपत येते.

हाच इतिहास उलट बाजूनेही बोलतो, हे सांगितले पाहिजे. ते फर्मान काढणारे कोण होते? झाड, पान, वस्त्र, विडा अशा खुणांवर पहारा बसवणारेच ते. खूण आणि श्रद्धा यांत त्यांनी अंतर ठेवले नाही. उद्या आपणच साखरेच्या पानाफुलांवर पहारा बसवू लागलो, अमक्या बेकरीत तमका आकार दिसला म्हणून मोर्चा नेऊ लागलो, तर त्यांच्यात आणि आपल्यात किती अंतर उरेल?

पावित्र्य वस्तूत असते असे मानले, तर मुलीने सांगितलेल्या बागेचीच पंचाईत होते. झेंडू मूळचा मेक्सिकोकडचा. त्याच्यावाचून आज आपला दसरा होत नाही. देवचाफाही अमेरिका खंडातून आलेला. देवाच्या फुलांत परक्या मुलखातली किती फुले मिसळली आहेत, याचा हिशेब आपण ठेवला नाही, आणि ते बरेच झाले. माणसांनी वर्षानुवर्षे ती हातात घेतली, देवाला वाहिली आणि ती देवाची झाली. म्हणजे पावित्र्य नात्यातून येते. दिरांना मी हेच म्हटले. साखर ही साखरच, हे खरे. पण आदल्या संध्याकाळी केक तयार झाल्यावर मुलीने त्या बोटभर वृंदावनापुढे सहज हात जोडले होते. तिने हात जोडले त्या क्षणापासून ती नुसती साखर राहिली नव्हती.

शेवटी आम्ही केले ते असे. वृंदावन मी वेगळ्या चकतीवर बसवले होते. ओवाळणी झाल्यावर ते अलगद उचलून देवघरात ठेवले. बाग सुरीने कापली आणि सर्वांनी खाल्ली. दुसऱ्या दिवशी पूजा आटोपल्यावर सासूबाईंनी ते हाताने मोडले आणि प्रत्येकाच्या तळहातावर तुकडा ठेवला. दिरांनीही हात पुढे केला. तोंडात टाकून ते म्हणाले, "गोड आहे." त्यांचे मत बदलले नव्हते, आणि ते बदलावे अशी कुणाची अपेक्षाही नव्हती.

मुलीने मात्र नंतर मला एकांतात विचारले, "आजी नसती तर कापली असती का ग?" या प्रश्नाला मी त्या वेळी दिलेल्या उत्तरापेक्षा जरा सविस्तर उत्तर इथे देते.

साखरेची तुळस कापण्यात पाप आहे असे मला वाटत नाही. माझ्या शेजारणीने ती कापली, बाजारातल्या बेकरीवाल्याने कापली, तर मी हरकत घेणार नाही. तो अधिकार मला नाही आणि कुणालाच असू नये. पण ज्या माणसाबरोबर मी एका चुलीवर जेवते, त्याला एखादी गोष्ट लागते, आणि ती टाळायला मला एक चकती आणि थोडी युक्ती यांपलीकडे काही खर्च येत नाही, तर ती टाळणे हे माझे कर्तव्य आहे. उद्या त्याच माणसाने मुलीला शाळेत पाठवू नका म्हटले असते, तर मी ऐकले नसते. कुणाचे दुखणे किती मोठे, याबरोबर ते दूर करण्यासाठी तिसऱ्याच्या वाट्याचे काय काढून घ्यावे लागते, हेही मोजावे लागते.

फर्मान आणि विनंती यांत हाच भेद आहे. फर्मान वरून येते, त्याच्या पाठीशी शिक्षा असते आणि ते परक्याच्या अंगणात शिरते. वाती वळता वळता विचारलेल्या प्रश्नाच्या पाठीशी कसलीही शिक्षा नसते. तो नाकारता येतो, म्हणूनच मानावासा वाटतो. आजी नसेल तेव्हा कापायची की नाही, ते मुलीने मोठेपणी स्वतः ठरवावे. आजीने काय म्हटले होते आणि का म्हटले होते, हे ठाऊक असून तिने सुरी उचलली, तर माझी त्याला हरकत नाही. ते ठाऊकच नसल्यामुळे उचलली, तर मात्र आमच्या घरातले काहीतरी कापले गेले, असे मी समजेन.